पोस्टकार्ड आणि कुलूप

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त झाले एका पिशवीचे.

आमच्या कपाटाच्या खालच्या खणात एक जाड कापडी पिशवी असते. तिच्यात माझे आणि सौ.चे सगळे वैद्यकीय आयुष्य भरलेले आहे. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेची मोठी पाकिटे, डिस्चार्ज कार्डे, चष्म्याचे नंबर. दवाखान्यात जायचे म्हटले की आधी पिशवी काढायची आणि मग चपला घालायच्या, अशी पद्धत. परवा निगडीला तपासणीसाठी गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने पिशवीकडे पाहिले आणि हसून म्हणाली, "काका, आभा नंबर काढून घ्या ना. मग हे सगळं वागवायला नको. तुमचे कागद या दवाखान्यातून त्या दवाखान्यात आपोआप जातील."

मी विचारले, "आपोआप म्हणजे? मला न विचारता?"

तिला प्रश्न कळला नाही, आणि मागे रांग होती. पण घरी येईपर्यंत मी त्याच प्रश्नावर विचार करत होतो. इतिहास शिकवण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे कुठलीही नवी गोष्ट दिसली की ती आली कुठून हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आणि या प्रश्नात माझे स्वतःचे दोन हिशेब अडकले आहेत. ते घरातल्या काही जणांना माहीत आहेत, पण लिहून कधीच ठेवले नव्हते.

पहिला हिशेब १९७४ सालचा.

तेव्हा आम्ही देहूरोडच्या बाजाराजवळ चाळीत राहत होतो. माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा, पिंपरीतल्या एका कारखान्यात नुकताच चिकटलेला. खोकला जात नव्हता म्हणून त्याचा एक्स-रे काढला होता. आठवड्याने दवाखान्यातून निरोप आला. निरोप कसा, तर उघड्या पोस्टकार्डावर! 'आपल्या छातीच्या फोटोत क्षयाची लक्षणे दिसत असून उपचारासाठी त्वरित यावे.' आईला वाचता येत नव्हते. मी शाळेत होतो. तिने ते पत्र शेजारच्या काकूंकडे नेले आणि काकूंनी ते दारात उभे राहून मोठ्याने वाचून दाखवले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण त्या दिवसापासून सार्वजनिक नळावर आमची घागर लागली की बायका आपल्या घागरी बाजूला सरकवायला लागल्या. पंधरा दिवसांत भावाचे जमलेले लग्न मोडले.

त्या काळी क्षयाचा उपचार वर्ष-दीड वर्ष चाले. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आणि रोजच्या गोळ्या. जवळच्या दवाखान्याच्या रांगेत ओळखीचे कोणी बघेल म्हणून भाऊ पॅसेंजरने तळेगावला जाऊ लागला. त्यासाठी खाडे होऊ लागले. पुढे थोडे बरे वाटल्यावर त्याने जाणेच सोडले. आम्हाला सांगायचा, जाऊन आलो म्हणून. १९७७ च्या पावसाळ्यात तो गेला.

औषध होते, डॉक्टर होते, निदानही वेळेवर झाले होते. त्याला क्षयाने नेले हे खरेच, पण त्या पोस्टकार्डाचाही त्यात हात होता असे मला आजही वाटते.

रोग्याची गोष्ट रोग्याच्या घराबाहेर जाऊ नये हे काही आजच्या काळाचे शहाणपण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात गुरू नव्या शिष्याला वैद्याचे नियम सांगतो. त्यात रुग्णाच्या घरात जे दिसेल, कळेल ते बाहेर बोलू नये असे स्पष्ट सांगितले आहे. ग्रीकांच्या हिपोक्रॅटिसच्या शपथेतही हेच आहे. दोन दूरच्या देशांतल्या वैद्यांना हे वेगवेगळे सुचले, कारण अनुभव सारखाच असणार. वैद्य बाहेर बोलतो असे कळले की रोगी त्याच्यापाशी खरे बोलत नाही, आणि खरे कळले नाही तर औषध तरी कशाचे द्यायचे?

हे फार मोठ्या प्रमाणावर दिसले ते आमच्या शेजारीच, १८९७ साली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. थोड्याच दिवसांत तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. सापडलेला रोगी इस्पितळात आणि घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत. रोग भयंकर होता यात वाद नाही. सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पण माहिती जेव्हा जबरदस्तीने काढली जाऊ लागली तेव्हा लोकांनी काय केले? रोगी लपवले. प्रेतेसुद्धा लपवली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. झाडणारे चापेकर बंधू आमच्या चिंचवडचे. त्यांचा वाडा इथून आठ-दहा किलोमीटरवर आहे, मी शाळेच्या सहली तिथे नेत असे. पोरांना पिस्तुलाची गोष्ट हवी असायची. मी मात्र त्यांना दर वेळी विचारायचो, की लोक आपलाच आजारी माणूस माळ्यावर का लपवत असतील रे? एखादा पोरगा बरोबर सांगायचा, "सर, भीतीने."

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात करोनासाठी पुन्हा लागू झाला. कोणाच्या घरी रोगी सापडला याच्या याद्या फोनवरून फिरू लागल्या. अनेक शहरांत दारांवर पाट्या लागल्या. शेवटी ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश असल्याशिवाय अशा पाट्या लावू नका. आमच्याच गल्लीत एक गृहस्थ चार दिवस ताप अंगावर काढत बसले होते, दारावर कागद लागेल या धास्तीने. सव्वाशे वर्षे गेली, पण भीती तीच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर, मग सगळे कागद कुलपातच ठेवावेत की! नाही. कारण माझा दुसरा हिशेब नेमका कुलपाचा आहे.

आपल्याकडे बराच काळ दवाखान्याचे कागद ही दवाखान्याची मालमत्ता समजली जायची. रोग्याने मागितले तर 'तुम्हाला त्यातले काय कळते' असे उत्तर मिळे. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की गोपनीयतेचे कारण देऊन दवाखान्याला खुद्द रोग्यापासून केसपेपर लपवता येणार नाहीत. मग २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत आले, की दाखल झालेल्या रुग्णांचे कागद तीन वर्षे जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. फार मोठी गोष्ट झाली ही. पण ७२ तास म्हणजे तीन दिवस. आणि दुखणे काही तीन दिवसांची नोटीस देऊन येत नाही.

२०१६ साली एका रात्री सौ.ला लघवीच्या जंतुसंसर्गाने थंडी भरून ताप आला. ती अर्धवट ग्लानीत होती. मुलाने रिक्षा आणली आणि आम्ही जो जवळ होता त्या दवाखान्यात गेलो. घाईत पिशवी घरी राहिली. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात एका औषधाने तिच्या अंगावर मोठे पुरळ उठले होते. तिथल्या डिस्चार्ज कार्डावर त्या औषधाचे नाव लाल शाईने लिहिलेले होते. इथे डॉक्टरांनी विचारले, "कशाची ॲलर्जी आहे का?" मी म्हणालो, "आहे, पण नाव आठवत नाही." मुलाने त्या जुन्या दवाखान्यात फोन लावला. रात्रीचे दोन वाजले होते. फोनवरच्या माणसाने सांगितले, "रेकॉर्ड रूम सकाळी दहाला उघडते."

औषध सल्फा गटातले होते. तेच दिले गेले. सकाळी दहाच्या आत तिच्या तोंडात आणि अंगावर फोड आले. अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढले. ती वाचली, देवाची आणि त्या विभागातल्या नर्सबाईंची कृपा. पण डोळ्यांतले पाणी आटले ते कायमचे, अजून दिवसातून सहा वेळा थेंब घालावे लागतात. मी कोणाला दोष देत नाही. विचारणाऱ्याने विचारले होते, लिहिणाऱ्याने लिहून ठेवले होते. फक्त लिहिलेले आणि विचारणारा यांच्यात सात किलोमीटरचे अंतर आणि एक कुलूप होते.

म्हणजे बघा, भावाचा कागद ज्यांना नको त्या सगळ्यांपर्यंत पोचला आणि सौ.चा कागद ज्याला हवा त्या एकट्यापर्यंत पोचला नाही. रोग्याच्या कागदांचा सगळा प्रश्न मला या दोन गोष्टींत दिसतो. कागद गेला पाहिजे, पण ज्याला हवा त्यालाच. आणि कोणाला हवा ते ज्याचा कागद त्याने ठरवले पाहिजे.

आमच्या भागात तर हा प्रश्न रोजचा. देहूरोड ही छावणी. इथे कँटोन्मेंटचा दवाखाना, लष्कराचे स्वतःचे, आयुध निर्माणीच्या कामगारांचे वेगळे, माजी सैनिकांना २००३ साली सुरू झालेली ईसीएचएस योजना, खासगी कारखान्यांतल्या कामगारांना चिंचवडचे ईएसआयचे रुग्णालय. पलीकडे महापालिकेची हद्द लागली की पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि मग मोठमोठी खासगी इस्पितळे. एकाच घरात वडील माजी सैनिक, मुलगा चाकणला कंत्राटी कामगार आणि सून महापालिकेच्या दवाखान्यात बाळंतीण, असे असले तर एका घराचे कागद तीन यंत्रणांत विखुरलेले. कंत्राट संपले की मुलगा खोली बदलतो, आणि खोली बदलताना पहिल्यांदा हरवते ती फाईल.

आता हे कागद संगणकाने एकमेकांकडे का पाठवता येत नव्हते? माझ्या भाच्याला मी हे विचारले. तो याच क्षेत्रात आहे. तो म्हणाला, "मामा, तार आहे, भाषा नाही." प्रत्येक दवाखान्याचा संगणक आपल्या पद्धतीने लिहितो. एक 'साखर' म्हणतो, दुसरा 'ग्लुकोज', तिसरा नुसता आकडा. मोडीत लिहिलेले पत्र बाळबोध वाचणाऱ्यापुढे ठेवावे तसे.

ही भाषा ठरवायचे काम बाहेर फार आधी सुरू झाले होते. एक्स-रे आणि स्कॅनची चित्रे कोणत्याही यंत्रावर उघडावीत म्हणून १९८५ साली अमेरिकेत पहिला प्रमाण नमुना निघाला. १९९३ मध्ये त्याचे 'डायकॉम' झाले. आपल्याला स्कॅनबरोबर जी सीडी मिळायची तिच्यावरची चित्रे याच पद्धतीची. मजकुरासाठी १९८७ मध्ये 'एचएल-सेव्हन' नावाची संस्था स्थापन झाली. पुढे ग्रॅहम ग्रीव्ह या ऑस्ट्रेलियन माणसाने २०११ च्या सुमारास त्याच संस्थेत एक सोपी पद्धत मांडली, तिला 'फायर' म्हणतात. औषध, तपासणी, ॲलर्जी असा प्रत्येक तुकडा ठरलेल्या चौकटीत लिहायचा, म्हणजे जगातला कुठलाही संगणक तो वाचू शकेल.

भारत सरकारने आरोग्य-नोंदींची प्रमाणके प्रथम २०१३ मध्ये जाहीर केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुधारली. त्यासाठीचे राष्ट्रीय केंद्र कुठे असावे? आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये! १९८८ साली महासंगणक बांधण्यासाठी जी संस्था निघाली, जिने १९९१ मध्ये 'परम' दिला, तिथेच. देशभरच्या दवाखान्यांनी डिस्चार्ज कार्ड आणि औषधाची चिठ्ठी संगणकात कोणत्या चौकटीत लिहायची याचे नमुने तिथे ठरतात. देहूरोडच्या माणसाने याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

भाषा ठरली, पण माझा पोस्टकार्डाचा प्रश्न तसाच राहिला. किंबहुना वाढला. पोस्टकार्ड चाळीत वाचले गेले. संगणकावरचे पोस्टकार्ड सगळे जग वाचते. डिसेंबर २०१६ मध्ये उघड झाले, की मुंबईतल्या एका प्रयोगशाळेचे सुमारे ४३,००० रुग्णांचे रिपोर्ट इंटरनेटवर कोणालाही उघडता येत होते, आणि त्यांत एचआयव्हीचेही होते. २०२० च्या सुरुवातीला एका जर्मन कंपनीच्या अहवालात भारतीय रुग्णांची १२ कोटींच्या आसपास चित्रे, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वगैरे, अशी उघडी पडलेली दाखवली होती. राज्यांमध्ये पहिला नंबर महाराष्ट्राचा होता. कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूप लावलेच नव्हते! चित्रे साठवणारे संगणक संकेतशब्दाशिवाय इंटरनेटला जोडून ठेवले होते. आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला तेव्हा उलटेच घडले. हल्लेखोरांनी आतल्या नोंदींनाच आपले कुलूप घातले आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाचे काम कित्येक दिवस हाताने, कागदावर चालले.

या काळात कायदाही हळूहळू चालत होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. एकाने रक्त दिले, त्यात एचआयव्ही सापडला, ते रुग्णालयाकडून बाहेर कळले आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने रुग्णालयाची बाजू घेतली, कारण होणाऱ्या बायकोच्या जिवाचा प्रश्न होता. हे वाचताना मला भावाची आठवण आली, आणि निकाल चूक म्हणावा असेही वाटले नाही. अवघडच आहे ते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. एचआयव्ही बाधितांच्या माहितीसाठी २०१७ चा वेगळा कायदा आला. एकूणच व्यक्तीच्या डिजिटल माहितीचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत.

आता त्या काउंटरवरच्या मुलीच्या 'आपोआप'कडे येतो.

१५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान जाहीर झाले. सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने ते देशभर आले. आभा म्हणजे त्यातला १४ आकडी क्रमांक. २०२५ च्या सुरुवातीला असे ७३ कोटींहून जास्त क्रमांक दिले गेले होते. तो काढणे सक्तीचे नाही, हे मला त्या मुलीने सांगितले नव्हते, ते मी इथे सांगतो.

मी समजत होतो, की सगळ्यांचे कागद दिल्लीत एका मोठ्या कपाटात जमा होणार. भाच्याने चूक सुधारली. कागद जिथे तयार झाला तिथेच राहतो. नव्या डॉक्टरला हवा असेल तर त्याच्याकडून माझ्या मोबाइलवर विनंती येते. तिच्यात पाच गोष्टी लिहिलेल्या असतात. कोण मागतो आहे, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या काळातले आणि किती दिवसांसाठी. मी हो म्हटले तरच कागद निघतो. मी कमी काळाचे देऊ शकतो, काही नाकारू शकतो, दिलेली परवानगी नंतर मागेही घेऊ शकतो. म्हणजे 'आपोआप' नाहीच! मला विचारूनच. तिने हे एक वाक्य सांगितले असते तर माझी त्या दिवशीची झोप उडाली नसती.

आणि वाटेत कोणी वाचले तर? इथे मला १९७६ साल सापडले. पत्राला कुलूप घालायचे तर किल्ली दुसऱ्याकडे आधी पोचवावी लागते, आणि किल्ली नेणाऱ्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा, हा राजेरजवाड्यांपासूनचा प्रश्न. अमेरिकेतल्या डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ मध्ये तो उघडपणे सोडवून दाखवला. आमच्या शाळेतले गणिताचे निवृत्त सर सकाळी फिरायला बरोबर असतात. त्यांनी मला तो बाकावर बसून कागदावर समजावला, तो तुम्हालाही सांगतो.

दोन दवाखाने चारचौघांत ठरवतात, की आपला आकडा २ आणि भाग ११ ने द्यायचा. पहिला मनात ३ धरतो. २ चा ३ वा घात ८, तो मोठ्याने सांगतो. दुसरा मनात ४ धरतो. २ चा ४ था घात १६, त्याला ११ ने भागून बाकी ५, तो ५ मोठ्याने सांगतो. आता पहिला ऐकलेल्या ५ चा ३ वा घात करतो, १२५. ११ ने भागून बाकी ४. दुसरा ऐकलेल्या ८ चा ४ था घात करतो, ४०९६. ११ ने भागून बाकी ४. दोघांकडे एकच किल्ली आली, ४. पण ती कोणी उच्चारलीच नाही! ऐकणाऱ्याला फक्त २, ११, ८ आणि ५ कळले. इतक्या लहान आकड्यांत तो मनातले आकडे शोधून काढील. पण खरे आकडे ७७ अंकी असतात आणि गणितही याहून गुंतागुंतीचे, तिथे आजचे संगणक थकतात. आभाच्या व्यवस्थेत दोन दवाखान्यांमधला कागद याच तत्त्वाने तयार केलेल्या किल्लीने बंद होऊन जातो. मधल्या यंत्रणेला परवानगी दिसते, कागद दिसत नाही. पोस्टकार्ड शेवटी पाकिटात गेले म्हणायचे.

बाहेर याच्याही पुढे गेलेले देश आहेत. एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे, लोकसंख्या १३ लाखांच्या वर, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या पिंपरी-चिंचवडच्या १७ लाखांपेक्षाही कमी. तिथे २००८ पासून सगळ्यांच्या आरोग्य-नोंदी जोडलेल्या आहेत. मला त्यातली एकच गोष्ट फार आवडली. आपली नोंद कोणी कधी उघडून पाहिली हे तिथल्या रोग्याला स्वतःला पाहता येते. काकूंनी पोस्टकार्ड वाचले हे आईला दिसत होते. संगणकात वाचणारा दिसत नाही, म्हणून तर भीती. तो दिसला की अर्धी भीती जाते.

मग सगळे ठीक झाले का? माझे दोन प्रश्न बाकी आहेत.

एक म्हणजे, २०१६ च्या त्या रात्री सौ. ग्लानीत होती. मोबाइलवर विनंती आली असती तर हो कोणी म्हटले असते? परवानगी मागण्याच्या कारणांच्या यादीत 'काच फोडा' अशा अर्थाचे एक कारण आहे, आग लागल्यावर काच फोडून घंटा वाजवतात तसे. असायलाच हवे. पण काच कोण फोडतो आणि नंतर त्याला जाब कोण विचारतो, यावरच सगळे अवलंबून. दार अजिबात उघडले नाही तर सौ.सारखे होते आणि सहज उघडले तर भावासारखे.

दुसरा प्रश्न आमच्या घरचाच. शेवटी मी आभा काढला. नातवाने मोबाइलवर सगळे करून दिले आणि पिन ठरवायला सांगितला. चार दिवसांनी तो परत आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर सौ.च्या अक्षरात तो पिन लिहिलेला, शेजारी माझे नाव! नातू डोक्याला हात लावून म्हणाला, "आजोबा, कुलूप ७७ आकडी आणि किल्ली भिंतीवर?" काय बोलणार? आणि आपण सगळे हेच करतो. मागच्या महिन्यात आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर एकीचा रिपोर्ट कोणीतरी काळजीपोटी टाकला. तिने स्वतः तो उघडायच्या आत बावीस जणांनी वाचला होता आणि सहा जणांनी काढ्याची कृती पाठवली होती. काकूंच्याही मनात काही वाईट नव्हते, हे वर लिहिले आहेच.

असो. फार लांबले. पिशवी अजून खालच्या खणात आहे आणि मी ती टाकणार नाही. तिच्या तळाशी १९७४ चे ते पोस्टकार्ड आहे. आईने ते का जपून ठेवले कोण जाणे. तिच्यामागे ते माझ्याकडे आले. सौ.च्या पर्समध्ये मी एक जाड कागदाची चिठ्ठी ठेवली आहे, तिच्यावर लाल शाईने लिहिले आहे, 'सल्फा चालत नाही'. खाली मुलाचा फोन नंबर. मोबाइल बंद पडला तरी ती वाचता येईल.

नात्यातल्या मंडळींना एवढीच विनंती, की अशी चिठ्ठी आज तुम्हीही लिहा. परवानगीची विनंती आली तर नुसते हो दाबू नका, ती पाच ओळींची असते, वाचा. आणि कोणाचा रिपोर्ट हाती आला तर तो ज्याचा आहे त्याला आधी द्या.

आमचा नवा पिन विचारू नका. भिंतीवरून काढला आहे.

कळावे, लोभ असावा.